बुडालेल्या मजुरीचा खेळ

रग्बी हें नांव निघालें कीं आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दोनच गोष्टी उभ्या राहतात : चिखलानें माखलेले धिप्पाड गोरे साहेब आणि अंड्याच्या आकाराचा चेंडू. चेंडूविषयींची कल्पना बरोबर आहे. साहेबांविषयींची अर्धीच बरोबर आहे. आज ज्या रग्बीची हकीकत मी सांगणार आहें तिच्यांत साहेब फार थोडे. ती इंग्लंडच्या उत्तर भागांतील खाणकामगारांची, गोदींतील हमालांची आणि गिरण्यांतील मजुरांची रग्बी होय. तिला रग्बी लीग म्हणतात. आपल्याकडील जिमखान्यांतून जी खेळतात ती रग्बी युनियन. दोघी सख्ख्या बहिणी. पण एका दिवसाच्या मजुरीच्या प्रश्नावरून त्यांनीं जवळजवळ शंभर वर्षें एकमेकींचें तोंड पाहिलें नाहीं.

माझा ह्या खेळाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. मैदानावरचा तर मुळींच नाहीं. मी शाळामास्तर, पुष्कळ वर्षें शाळेचा कबड्डीचा संघ तयार करीत असें. त्या संघांत एक मुलगा होता. तो चढाईला गेला कीं समोरच्यांची पांचावर धारण बसे. परंतु शनिवारच्या सामन्यांना तो येईनासा झाला. दोनदां बजावलें, तिसऱ्या वेळीं संघांतून त्याचें नांव कमी केलें आणि सर्व वर्गासमोर शिस्तीविषयीं चार शब्द ऐकविले. कित्येक महिन्यांनीं मला कळलें कीं शनिवारीं तो एका दुकानांत गोणी उतरविण्यास रोजावर जात असे आणि त्या रोजांतून घरांत किराणा येत असे. तोंवर त्यानें शाळाच सोडली होती. निवृत्तीनंतर ह्या रग्बी लीगचा इतिहास हातीं आला, तेव्हां पहिल्याच प्रकरणांत मला तो मुलगा भेटला. म्हणून आजचा हा विषय.

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर डडन नांवाची नदी समुद्रास मिळते. तिच्या रुंद, वाळूनें भरलेल्या मुखाशीं मिलम नांवाचें गांव आहे. पूर्वीं तें कंबरलंड परगण्यांत मोडे. आतां त्या प्रदेशास कंब्रिया म्हणतात. पाठीशीं ब्लॅक कूम हा डोंगर, समोर आयरिश समुद्र. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथें कांहीं वाड्या, शेतें आणि एक पडका किल्ला एवढेंच होतें. मग हॉडबॅरो येथें अगदीं समुद्राला लागून तांबड्या लोहखनिजाचा अफाट सांठा सांपडला. खाण निघाली, १८६० नंतरच्या दशकांत लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या, आणि दूर नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉलच्या ओसरत चाललेल्या खाणींतून मजूर बायकामुलांसह येथें येऊन राहूं लागले. ह्या खनिजाची धूळ अशी कीं खाणींतून वर येणारा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत तांबडा दिसे. सांठा समुद्राखालीं पसरला होता. म्हणून पाणी मागें लोटण्यासाठीं सुमारें सवा मैल लांबीचा बांध घालण्यांत आला. तो १९०५ सालीं पुरा झाला. पुढें त्या एका खाणींतून एकंदर सुमारें अडीच कोटी टन खनिज निघालें.

अशा ह्या अर्धवट बांधलेल्या, धुराच्या गांवांत १८७३ सालीं रग्बीचा क्लब स्थापन झाला. जगांतील सर्वांत जुना हौशी रग्बी लीग क्लब म्हणून मिलमचें नांव सांगतात तें ह्या सालामुळें. एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल कीं रग्बी लीगच मुळीं १८९५ सालीं जन्मली, मग तिचा क्लब १८७३ चा कसा? शंका रास्त आहे. क्लब आधींचा आणि खेळाची वाटणी मागाहूनची. घर तेंच राहिलें, भावकीच्या भांडणांत तें एका बाजूस गेलें, असें म्हणावें.

आतां तें भांडण पाहूं. हा खेळ रग्बी नांवाच्या विद्यालयांत वाढला. तेथें श्रीमंतांचीं मुलें शिकत. १८७१ सालीं लंडन येथें रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली, तिचे चालकहि त्याच वर्गांतले. खेळ हा केवळ हौसेसाठीं, त्यापायीं कवडीहि घेऊं नये, हें त्यांचें ब्रीद. ब्रीद वाईट नव्हे. परंतु ज्याचें उत्पन्न जमिनीच्या खंडांतून येतें त्याला शनिवारीं खेळल्यानें कांहींच तोशीस पडत नाहीं. यॉर्कशर-लँकेशरचा गिरणीकामगार किंवा कंबरलंडचा खाणवाला शनिवारीं दुपारपर्यंत कामावर बांधलेला. परगांवीं सामना असला तर पाळी चुकवावी लागे. पाळी चुकली कीं मजुरी बुडे. आणि सामन्यांत हाड मोडलें तर आठवडेच्या आठवडे चूल थंड. ह्या लोकांचें मागणें पगाराचें नव्हतें. बुडालेल्या वेळाची भरपाई द्या, एवढेंच.

सप्टेंबर १८९३ मध्यें यॉर्कशरच्या प्रतिनिधींनीं लंडनच्या सभेंत तसा ठराव मांडला. बाजूनें १३६ मतें पडलीं, विरुद्ध २८२. शिस्तीविषयीं चार शब्द त्याहि सभेंत बोलले गेले असतीलच! दोन वर्षें कुरबूर चालली आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड शहरांतील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील क्लबांनीं फारकत घेतली. आरंभीं बावीस क्लब मिळाले. संस्थेचें नांव नॉर्दर्न युनियन. रग्बी फुटबॉल लीग हें नांव १९२२ सालचें. दिवसाची भरपाई सहा शिलिंगांहून अधिक द्यावयाची नाहीं, असें ठरलें. १८९८ सालीं खेळाचा उघड मोबदला देण्यास मोकळीक मिळाली. परंतु खेळाडूला दुसरा खराखुरा कामधंदा असलाच पाहिजे, ही अट घालण्यांत आली व ती १९०५ पर्यंत टिकली. बंडखोरांनाहि केवळ खेळावर जगणारा माणूस नकोसा वाटत होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

वेगळें घर केल्यावर चुलीहि वेगळ्या झाल्या. १९०६ सालीं नव्या मंडळीनें एका बाजूचे खेळाडू पंधरांवरून तेरांवर आणले. मैदान मोकळें झालें, धांव वाढली. आणि दोघांची मजुरी वांचली हें कोणी मोठ्यानें बोललें नसलें तरी हिशेबनिसाच्या ध्यानांत आलेंच असेल. खेळ थोडक्यांत असा : चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवावयाचा, सोबत्याकडे फेकावयाचा तर तो पुढें नव्हे, आडवा किंवा मागेंच. समोरचे गडी अंगावर येऊन पकड घालतात. कबड्डी पाहिलेल्या माणसाला ही पकड ओळखीची वाटेल, मात्र येथें प्रत्येक जण आळीपाळीनें चढाईवालाहि असतो आणि पकडणाराहि. पकडलेला गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायानें मागें सारतो आणि खेळ पुढें चालतो. असें किती वेळां करावें ह्याला पूर्वीं मर्यादा नव्हती. १९६६ सालीं चार वेळां व १९७२ पासून सहा वेळां अशी मर्यादा आहे. तेवढ्यांत रेष गांठली नाहीं तर चेंडू दुसऱ्या पक्षाकडे जातो.

मिलमच्या क्लबानेंहि ह्या नव्या घरींच बिऱ्हाड केलें. १९०२-०३ च्या हंगामांत तो स्पर्धेच्या दुसऱ्या विभागांत खेळत होता आणि त्याच विभागांत लीड्ससारख्या मोठ्या शहराचा क्लबहि होता! परंतु लीड्सच्या मैदानावर तिकीट काढून येणारे प्रेक्षक हजारोंनीं मोजावे. मिलम खाणवाल्यांचें एक गांव. त्यांतून प्रवास हा जाच कायमचा. बॅरो हें मोठें गोदीचें शहर डडनच्या पलीकडे, नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतें. पण खाडीला पूर्ण वळसा घातल्याशिवाय तेथें पोंचतां येत नाहीं. थोड्याच वर्षांत मिलम मोठ्या पंक्तींतून उठला आणि हौशी क्लब म्हणून राहिला. म्हणजे पहा : जी संघटना खेळाडूला पैसा मिळावा म्हणून निघाली, तिच्या छत्राखालीं पैसा न घेतां खेळणारे शेंकडों क्लब आले. धंदेवाईक क्लब ओंजळभर. बाकी सारा पसारा हौशी. आणि धंदेवाईक क्लबांना खेळाडू मिळत ते ह्याच पसाऱ्यांतून.

येथें कलकत्त्याची एक आठवण सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या १८७३ सालीं मिलमचा क्लब निघाला त्याच सालीं कलकत्त्यासहि रग्बीचा एक क्लब निघाला. सभासद व्यापारी, अंमलदार, पलटणींतील लोक. पैशाला तोटा नाहीं. परंतु पलटण हलली, हवा मानवेना, पोलो आणि टेनिस ह्यांकडे मंडळींचा ओढा गेला आणि चारपांच वर्षांतच क्लब मोडला. पेढींत शिल्लक राहिलेले चांदीचे २७० रुपये काढून ते वितळविले आणि त्यांचा एक सुंदर पेला घडविला. त्याला नागाच्या आकृतीचे कान आहेत व झांकणावर हत्ती आहे. इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून त्या पेल्यासाठीं रग्बी युनियनचा सामना खेळतात. कलकत्त्यांत रग्बी पुढें पुन्हा सुरू झाली, ही गोष्ट वेगळी. पण तो पहिला क्लब कां मोडला ह्याचें कारण मला शाळामास्तर म्हणून असें दिसतें कीं त्याच्या खालच्या इयत्ता भरलेल्याच नव्हत्या. त्याचा खेळाडू बोटीनें येई आणि बोटीनें जाई. मिलममधला खेळाडू त्याच गांवीं जन्मत असे.

खालच्या इयत्ता हा शब्द मीं जाणूनबुजून वापरला. इंग्लंडांतील हौशी रग्बी लीग क्लबाची रचना शाळेसारखी असते. सात वर्षांखालील, आठ वर्षांखालील, असे गट चढत चढत अठरा वर्षांपर्यंत जातात. त्यापुढें मोठ्यांचा संघ. लहानग्यांना पूर्ण मैदान देत नाहींत. थोडे गडी, आंखूड मैदान, सौम्य नियम. लहान गटांत मुलीहि मुलांबरोबर खेळतात. पुढें तेरा गड्यांचा खरा खेळ येतो. प्रत्येक गटाला एक शिकविणारा लागतो. तो बहुधा त्यांतल्याच एखाद्या मुलाचा बाप, आणि मुलगा जसजसा वर चढेल तसतसा बापहि वर चढतो. एकच मास्तर पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत त्याच वर्गाबरोबर जात आहे अशी कल्पना करावी. मुलगा खेळ सोडतो तेव्हां पुष्कळदां मास्तरहि जातो. हा ह्या पद्धतींतला मोठा दोष.

परंतु खरी मेख निराळीच आहे. ज्यानें शाळेचा पट सांभाळला आहे त्याला ती चटकन् कळेल. मोठ्या शहरांत एखाद्या वर्षीं पट कमी झाला तर शेजारच्या पेठेंतून मुलें येतात. एका बाजूस डोंगर व तीन बाजूंस पाणी असलेल्या गांवांत तें शक्य नाहीं. सातांच्या गटांत एखाद्या वर्षीं मुलें कमी आलीं तर ती तूट भरून निघत नाहीं. दरवर्षीं एकेक इयत्ता वर सरकत ती दहा-अकरा वर्षांनीं मोठ्यांच्या संघापाशीं येऊन पोंचते. ज्या दिवशीं संघ उभा करतां येत नाहीं त्या दिवशीं लोक कप्तानाला दोष देतात. वास्तविक दोष दशकापूर्वींच्या पटाचा असतो.

आणि मिलमवर तर मोठाच प्रसंग आला. १९६८ सालीं हॉडबॅरोची खाण बंद झाली आणि त्याच सालीं लोखंडाच्या भट्ट्याहि विझल्या. शंभर वर्षें ज्यावर गांव जगलें तें एका वर्षांत गेलें. पंप थांबल्यावर खाण पाण्यानें भरली. बांधाच्या आंत आज विस्तीर्ण तळें आहे व तेथें पक्ष्यांचें अभयस्थान केलें आहे. नॉर्मन निकल्सन हा कवि (१९१४ ते १९८७) ह्याच गांवचा. जवळजवळ सर्व आयुष्य एकाच घरांत काढून त्यानें हें उभें राहणें व कोसळणें डोळ्यांनीं पाहिलें व आपल्या लेखनांत उतरविलें. काम गेलें कीं तरुण बाप गांव सोडतो, आणि त्याच्याबरोबर सातांच्या गटांतला मुलगाहि जातो.

हें दुखणें मिलमपुरतें नव्हतें. १९७३ सालीं सर्व इंग्लंडांत मिळून हौशी रग्बी लीगचे दीडशेंहूनहि कमी संघ उरले होते आणि तरुण मुलांचे संघ अवघे तीसच्या आसपास. ह्या दोन आंकड्यांतला दुसरा अधिक भयंकर. पांच प्रौढ संघांमागें मुलांचा एक संघ! कोणतीहि शाळा ह्या हिशेबानें दहा वर्षें चालणार नाहीं. तेव्हां पुन्हा हडर्सफील्डांतच कांहीं धडपडी माणसें जमलीं आणि त्यांनीं हौशी क्लबांची स्वतंत्र संघटना काढली. ब्रिटिश ॲमॅच्युअर रग्बी लीग असोसिएशन असें तिचें लांबलचक नांव. लोक आद्याक्षरांवरून बार्ला म्हणतात. मूळ संस्थेच्या धंदेवाईक क्लबांनीं तिला मान्यता देण्याचा प्रश्न मतास टाकला, तो २९ विरुद्ध १ असा फेटाळला. १८९३ च्या सभेंत जे अल्पमतांत होते त्यांचेच वारस आतां बहुमतांत बसून नाहीं म्हणत होते! परंतु वर्षाच्या आंतच तेच क्लब एकमतानें होकार देते झाले. ह्या मनधरणीचें श्रेय मुख्यतः टॉम मिचेल ह्या गृहस्थास देतात. तो वर्किंग्टनचा, म्हणजे मिलमच्याच किनाऱ्यावरचा. त्यानंतर मुलांच्या संघांची संख्या पुन्हा वाढीस लागली.

ह्या सर्व काळांत एक अन्याय चालूच होता आणि तो विशेषतः तरुणांवर होता. रग्बी युनियनच्या नियमाप्रमाणें जो प्रौढ माणूस रग्बी लीग खेळला, त्यानें एक पैहि घेतलेली नसली तरी, तो युनियनच्या मैदानाला कायमचा मुकला. पैसा न घेणें हें ज्यांचें ब्रीद, ते पैसा न घेणाऱ्यालाच बाहेर ठेवीत! दुसऱ्या महायुद्धांत सैन्यापुरता हा सोंवळेपणा बाजूस ठेवावा लागला. १९४३ व १९४४ सालीं लीगवाले व युनियनवाले सैनिक युनियनच्या नियमांनीं दोन सामने खेळले, आणि दोन्ही लीगवाल्यांनीं जिंकले. युद्ध संपलें आणि दार पुन्हा बंद झालें. हौशी खेळाडूंपुरतें तें १९८७ सालीं उघडलें. पुढें १९९५ च्या ऑगस्टमध्यें रग्बी युनियननें स्वतःच मोबदला देण्यास मोकळीक दिली. हडर्सफील्डच्या त्या बैठकीला तेव्हां बरोबर शंभर वर्षें होत होतीं. सहा शिलिंगांसाठीं ज्यांना घराबाहेर काढलें, त्यांच्या नातवांच्या देखत त्याच घरांत लाखोंचे करार होऊं लागले.

मिलमचा क्लब ह्या सर्वांतून तगला. नॅशनल कॉन्फरन्स लीग नांवाच्या हौशी क्लबांच्या मोठ्या स्पर्धेंत त्यानें पुष्कळ हंगाम काढले. तिच्यांतील कांहीं क्लब थेट पूर्व किनाऱ्यावरील हल शहराचे. म्हणजे एका सामन्यासाठीं देशाच्या ह्या कांठापासून त्या कांठापर्यंत जाऊन यावयाचें. २०१२ सालीं ही स्पर्धा हिवाळ्याऐवजीं उन्हाळ्यांत खेळविली जाऊं लागली. मुलांच्या आयांना त्यामुळें चिखल कमी धुवावा लागत असेल, परंतु जुन्या मंडळींना तें अजून रुचलेलें दिसत नाहीं. मुलांच्या सुरक्षिततेकडेहि आतां पूर्वींपेक्षां बारकाईनें पाहतात. डोक्याला मार बसूं नये म्हणून पकडीची उंची खांद्यावरून काखेपर्यंत खालीं आणण्याचा निर्णय २०२३ च्या अखेरीस झाला. माझ्या मतें तो फार आधींच व्हावयास हवा होता.

सोळा ते अठरा हीं वर्षें मात्र सर्वच क्लबांना जड जातात. जीं मुलें विशेष चमकतात त्यांना धंदेवाईक क्लब आपल्या प्रबोधिनींत नेतात. त्यांतलीं थोडीं पुढें मोठीं होतात आणि बरींचशीं दोनतीन वर्षांनीं परत येतात. कांहीं परत येतात तीं खेळाकडे पाठ फिरवूनच. अशा मुलाला पुन्हा मैदानावर आणणें हें क्लबाच्या जुन्या माणसांचें खरें काम. त्याला ना पगार, ना बक्षीस. कांहीं मुलें शिक्षणासाठीं गांव सोडतात. आणि बाकीचीं कामाला लागतात.

त्या भागांत आतां खाण नाहीं, भट्टी नाहीं. उत्तरेस सेलाफील्डचा अणुप्रकल्प आहे, खाडीपलीकडे बॅरोची पाणबुड्या बांधणारी गोदी आहे. आणि दोन्हीकडे काम पाळ्यांनीं चालतें. शनिवारीं दुपारीं सामना असला कीं हौशी खेळाडूला पाळी असणाऱ्या सोबत्याची अदलाबदल शोधावी लागते. ती मिळाली तर तो येतो, नाहीं तर दिवसाची मजुरी सोडून येतो, किंवा येतच नाहीं. भरपाई कोणी देत नाहीं. उलट अशा हौशी क्लबांतून खेळाडूनेंच सामन्यागणिक ठराविक वर्गणी भरावयाची पद्धत आहे. त्या पैशांतून बसचें भाडें आणि खालच्या गटांतल्या मुलांचे चेंडू येतात.